जुन्या मोटारीच्या बैठकीचें चामडें

जुनी वस्तु दुरुस्त करणें म्हणजे ती नवी करणें, अशी पुष्कळांची समजूत असते. भिंतीवरचें घड्याळ बंद पडलें, त्यांतील झिजलेलें चक्र बदललें, कीं घड्याळ पूर्ववत् चालूं लागतें; चक्र जुनें कीं नवें याचें त्यास कांहीं सुखदुःख नसतें. परंतु कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्यांचा जुनेपणा हाच त्यांचा प्राण असतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या अतिउत्साहानें नेमका तोच नाहींसा होतो. अशा एका वस्तूची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. ती वस्तु म्हणजे सुमारें पाऊणशें वर्षांपूर्वीच्या एका वेगवान इंग्रजी मोटारीची चामड्याची बैठक. विषय आमच्या वाचकांस जरा दूरचा वाटेल. पण पायांतील वहाणेपासून क्रिकेटच्या चेंडूपर्यंत चामडें आपल्या नित्य वापरांत आहे. तें कशानें टिकतें व कशानें मरतें हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. या उदाहरणाच्या निमित्तानें तें सांगतां येईल, म्हणून हा विषय घेतला आहे.

आक्टोबर १९४८ मध्यें लंडन येथील अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनांत कॉव्हेंट्रीच्या जॅग्वार कंपनीनें ‘एक्सके १२०’ नांवाची दोन माणसांची उघडी मोटार मांडली. महायुद्ध संपून तीनच वर्षें झालीं होतीं. इंग्लंडांत पेट्रोल अद्याप मोजून मिळत होतें आणि पोलादाचा तुटवडा होता. कंपनीचे चालक विल्यम लायन्स यांचा मूळ हेतु आपलें नवें एंजिन लोकांच्या नजरेस आणावें एवढाच होता. गाड्या थोड्याच काढावयाच्या होत्या. म्हणून पहिल्या सुमारें २४० गाड्यांवर अल्युमिनियमचे पत्रे, अ‍ॅश नांवाच्या लाकडाच्या चौकटींचा आधार देऊन, हातानें बसविले. पण मागणी अशी लोटली कीं, पुढें पोलादी पत्रे ठोकण्याचे मोठे सांचे करावे लागले. नांवांतील १२० हा आंकडा ताशीं १२० मैल वेगाचा. तो ऐकून पुष्कळांनीं माना हलविल्या; तेव्हां ३० मे १९४९ रोजीं बेल्जममधील याब्बेके गांवाजवळच्या सरळ रस्त्यावर ही गाडी पत्रकारांदेखत पळविली, आणि तिनें ताशीं १३२ मैलांहून अधिक वेग दाखविला. १९५४ पर्यंत या जातीच्या सुमारें १२,००० गाड्या झाल्या, व त्यांतील बहुतेक परदेशीं, विशेषतः अमेरिकेंत गेल्या.

आज त्यांतील ज्या हयात आहेत त्यांचें एंजिन पुन्हां उभें करणें खर्चाचें असलें तरी अशक्य नाहीं. मोडलेला भाग ओततां येतो, कातून काढतां येतो, आणि तो मूळच्या भागाइतकाच खरा असतो. चामड्याची गोष्ट वेगळी आहे. नवें चामडें विकत मिळेल, कदाचित् जुन्याहून सरस मिळेल. परंतु १९५० सालीं ज्या चामड्यावर कोणी पहिल्यानें बसला, ज्याची बाहेरची कड आंत शिरतांना घासून घासून गुळगुळीत झाली, तें चामडें एकदां कापून टाकलें कीं संपलें. पुन्हां मिळावयाचें नाहीं. म्हणून बैठकीच्या कामांत पहिला प्रश्न ‘कसें करावें’ हा नसून ‘करावें कीं न करावें’ हा असतो, आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं चामडें म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे.

आपल्या भाषेंत कातडें व चामडें असे दोन शब्द आहेत, आणि ‘कातडें कमावणें’ हा त्या दोहोंमधील पूल आहे. कातडें जनावराच्या अंगावरून निघतें. कमावल्यानंतर त्याचें चामडें होतें. तबल्याची पुडी हें न कमावलेलें कातडें होय. पावसाळी हवेंत ती सैल पडून बद्द वाजूं लागते व उन्हांत ताणली जाते, हें तबला वाजविणाऱ्या मुलांस सांगावयास नको. कोल्हापुरी वहाण मात्र भिजली तरी कुजत नाहीं, कारण तिचें कातडें बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावलेलें असतें. कातड्यामध्यें कोलाजेन नांवाच्या द्रव्याचे सूक्ष्म तंतु एकमेकांत गुंतून जणूं दाट विणलेलें कापडच झालेलें असतें. सालींतील व फळांतील टॅनिन हें तुरट द्रव्य त्या तंतूंमध्यें शिरून त्यांना बांधून ठेवतें. मग जंतूंना तें खातां येत नाहीं, आणि वाळल्यावर तंतु एकमेकांस चिकटून लांकडासारखे कडकही होत नाहींत. आपल्या सह्याद्रींतील हिरडा या कामासाठीं इंग्लंडच्या चर्मालयांत बोटींनीं भरभरून जात असे. मुलांना पोटदुखीवरचें औषध म्हणून ठाऊक असलेला हिरडा साहेबाच्या जोड्यांत व खोगिरांत जाऊन बसला होता, ही मौजेची गोष्ट आहे.

दुसरी रीत क्रोमियम धातूच्या क्षारांनीं कमावण्याची. तिचें पेटंट ऑगस्टस शुल्ट्झ यानें १८८४ सालीं अमेरिकेंत घेतलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं अल्फ्रेड चॅटर्टन यांनीं ती मद्रासेंत रुजविली. या दोन रीतींतील फरक गरम पाण्यांत चांगला दिसतो. ओलें कच्चें कातडें सुमारें ६५ अंश सेंटिग्रेड उष्णतेस एकदम आकसून रबरासारखें होतें. सालीनें कमावलेलें ७० ते ८५ अंशांपर्यंत टिकाव धरतें. क्रोमचें चांगलें चामडें उकळत्या पाण्यासही दाद देत नाहीं. मोटारींच्या बैठकींसाठीं दोन्ही रीतींचीं, आणि दोहोंचा मिलाफ केलेलींही चामडीं वापरलीं गेलीं आहेत. पण येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. वरील आंकडे धडधाकट चामड्याचे आहेत. जुनें, आम्लानें खाल्लेलें चामडें याहून फार कमी उष्णतेंत, कधीं कधीं ४० अंशांच्या आसपासच, आकसतें. म्हणजे अंघोळीच्या कढत पाण्यांत बुडविलेलें फडकें जुन्या बैठकीवर फिरविणें हें तिचा घात करण्यास पुरेसें आहे.

कमावण्यानें काम संपत नाहीं. तंतु एकमेकांवर सहज सरकावेत म्हणून चामड्यास तेल पाजतात. मग जाड कातडें यंत्रानें आडवें चिरून वरचा थर वेगळा करतात. केंसांच्या मुळांचे बारीक ठसे ज्यावर असतात ती बाजू याच थराची. त्यावर रंग, आणि रंगावर रोगण. एक्सके १२० च्या काळीं हें रोगण नायट्रोसेल्युलोजचें, म्हणजे कापसावर नत्राम्लाची क्रिया करून केलेल्या द्रव्याचें असे. तें चकचकीत दिसतें, पण वयाबरोबर ठिसूळ होतें. जॅग्वारप्रमाणेंच रोल्स-रॉइसच्या गाड्यांतही ज्यांचें चामडें लागलें त्या लंडनच्या कॉनोली बंधूंची पेढी १८७८ सालीं सुरू झाली होती. ती २००२ सालीं बंद पडली. तेव्हां ‘त्याच ठिकाणाहून तसेंच चामडें आणवूं’ हा मार्गही आतां राहिलेला नाहीं.

येथें आणखी एका ओळखीच्या शब्दाचा उलगडा करतों. आपण कृत्रिम चामड्यास सरसकट रेक्झीन म्हणतों. मुळांत रेक्झीन हें मँचेस्टरजवळच्या हाइड येथील एका इंग्रजी कारखान्याच्या मालाचें व्यापारी नांव आहे. सुती कापडावर त्याच नायट्रोसेल्युलोजचा रंगीत लेप देऊन, वर चामड्यासारखी नक्षी दाबून तो माल तयार होई. त्या काळच्या पुष्कळ इंग्रज मोटारींत अंग टेकतें तेथें चामडें व अंग टेकत नाहीं तेथें रेक्झीन अशी वांटणी असे. दोहोंची परीक्षा सोपी आहे. कापलेली कड पाहावी. चामड्यांत लोंकरीसारखे गुंतलेले तंतु दिसतात, रेक्झीनमध्यें उभे-आडवे धागे. आपल्या दप्तराची कड पाहून ही परीक्षा कोणासही घरीं करतां येईल, आणि दुकानदारानें चामड्याचें म्हणून काय दिलें तेंही कळेल.

आतां चामडें मरतें कसें तें पाहूं. एक्सके १२० च्या उघड्या गाडीस पक्कें छप्पर नव्हतें व दारांस कांचा नव्हत्या; पाऊस आला तर कापडी टप ओढून बाजूंस पडदे लावावयाचे. याच जातीच्या बंद गाडींत वेगदर्शक वगैरे घड्याळें बसविलेली समोरील फळी अक्रोडाच्या लांकडानें सजविलेली असे, पण उघड्या गाडींत तीही चामड्यानें मढविलेली असे. अर्थात् ऊन पडावयाचें तें प्रथम या फळीवर व बैठकीच्या माथ्यावर. उन्हानें रंग उडतो, रोगण तडकतें, आंतील ओलावा नाहींसा होऊन चामडें आखडतें. फळीवरचें चामडें कडांपासून सुटून मागें सरकलेलें दिसतें तें यामुळेंच. आणि ज्यांतील तंतूच आखडून चिकटले आहेत तें ओढून पुन्हां पूर्वीच्या जागीं आणूं जावें तर तें फाटतें. खालच्या बाजूस उलट संकट. लांकूड व गादी ओल धरतात, बंद खोलींत बुरशी येते, आणि शिवणीचा सुती दोरा चामड्याच्या आधीं कुजतो. कोंकणांतील ज्यांनीं श्रावणांत आपल्या जोड्यांवर हिरवट पांढरी बुरशी पाहिली आहे त्यांस याहून अधिक वर्णन नको.

परंतु सर्वांत कपटी शत्रु म्हणजे हवेंतील आम्ल. याचा माग प्रथम मोटारींत नव्हे, तर लंडनच्या एका क्लबांतील खुर्च्यांत लागला. अथेनिअम नांवाच्या क्लबांत गॅसचे दिवे जळूं लागल्यावर खुर्च्यांचें व पुस्तकांचें चामडें भराभर कुजूं लागलें. त्याचा तपास विजेच्या शोधांमुळें सर्वांच्या परिचयाचे असलेले मायकेल फॅरडे यांनीं केला, आणि १८४३ च्या सुमारास दोष गॅसमधील गंधकाचा असल्याचें दाखविलें. गंधक जळून जो वायु होतो तो चामड्यांत शिरून तेथें गंधकाम्ल बनतें, आणि तें कोलाजेनचे तंतु आंतल्या आंत तोडतें. पुढें पुस्तकांच्या बांधणीच्या चामड्याविषयीं लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीनें १९०५ सालीं एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, सर्व साली सारख्या नसतात. कांहींनीं कमावलेलें चामडें आम्लापुढें लवकर नांगी टाकतें, तर सुमाक नांवाच्या झाडाच्या पानांनीं कमावलेलें अधिक टिकतें. हिरड्याचें टॅनिन या टिकाऊ जातीचें आहे. उलट आपल्याच देशांतील तरवडाच्या सालीनें कमावलेलीं चामडीं लाल पडून लवकर कुजतात असा अनुभव आला. हा रोग शेवटास गेला म्हणजे चामडें बोटांनीं चोळतांच तांबूस भुकटी होऊन हातास लागतें. जुन्या ग्रंथसंग्रहांत ही तांबडी धूळ पुष्कळांनीं पाहिली असेल. धुराड्यांच्या शहरांत वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या मोटारीची बैठक याच रोगास बळी पडते. मात्र क्रोमचें चामडें त्यास बरेंच दाद देत नाहीं.

शेवटचा शत्रु म्हणजे आपला उपचार. जुनें चामडें कोरडें दिसलें कीं त्यावर तेल चोपडावें ही प्रेरणा सर्व देशांतील माणसांची सारखीच आहे. इंग्रज लोक गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलें तेल वापरीत. आपण वहाणेस खोबरेल किंवा एरंडेल लावतों. वहाणेस तें ठीक आहे, कारण तिच्यावर रोगण नसतें व तेल सरळ तंतूंत जातें. मोटारीच्या बैठकीवर रोगणाचा थर असतो. तेल त्यांतून आंत जात नाहीं. तें तड्यांतून व शिवणींच्या भोकांतून वाट काढतें, दोरा कुजवितें, धूळ धरून ठेवतें, कालांतरानें स्वतः आंबट होऊन चिकट होतें, आणि मग त्या जागीं गोंद धरत नाहीं कीं रंग बसत नाहीं. घोड्याच्या सरंजामास लावण्याच्या साबणाचीही तीच कथा. चामडें स्वभावतः किंचित् आम्ल असतें, साबण अल्कधर्मी. वारंवार चोळलेला साबण कमावण्याच्या द्रव्याचें बंधन हळूहळू सैल करतो. अडाणी प्रेमानें जितकीं चामडीं बिघडलीं तितकीं दुर्लक्षानें खचित बिघडलीं नसावींत, असें आमचें मत झालें आहे.

म्हणून जाणता कारागीर पहिल्या दिवशीं हत्यार हातीं घेत नाहीं. तो बैठकीचे सर्व बाजूंनीं फोटो घेतो, शिवणीचे टाके एका इंचांत किती हें मोजतो, दोऱ्याचा रंग लिहून ठेवतो. मग बैठकीच्या खालच्या बाजूस दुमडलेली कड उलगडून पाहतो. तेथें ऊन कधीं पोहोंचलेलें नसतें, म्हणून मूळचा रंग तेथें जसाच्या तसा सांपडतो. वर तपकिरी दिसणारी बैठक मुळांत लाल होती, किंवा मळकट पिवळी दिसणारी हस्तिदंती होती, हें या दुमडीखेरीज दुसरें कोणी सांगूं शकत नाहीं. या गाड्यांत एकाच बैठकीवर दोन रंगांचा मेळ घालण्याचीही रीत होती. बिस्किटी व लाल हा त्यांतील एक मेळ. मग लपलेल्या कोपऱ्यावर रोगण विरघळविणाऱ्या थिनरचा एक थेंब कापडाच्या टोंकानें लावून बघतात. कापडास रंग लागला तर रोगण जुन्या धर्तीचें, कदाचित् मूळचें. न लागला तर मागाहून कोणीतरी निराळा रंग फासलेला आहे, असें बहुधा समजावें.

यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि आमच्या मतें साऱ्या कामाचें मर्म तींतच आहे. बैठकीवर बारीक तड्यांचें जाळें दिसतें. तो तडा रोगणास गेला आहे कीं चामड्यास? भिंग लावून, बोटानें चामडें किंचित् वांकवून पाहावें. तड्याच्या तळाशीं सारखा, अखंड रंग दिसला तर फक्त वरचें रोगण फुटलें आहे. खालीं चामडें शाबूत आहे. तळाशीं केंसाळ तंतु दिसले तर वरचा थर तुटला आहे. आणि वांकवितांना चामडें पुठ्ठ्यासारखें मोडूं लागलें, किंवा बोटास भुकटी लागली, तर आंतील तंतूच मेले आहेत. पहिल्या प्रकारांत चामड्यास हात लावण्याचें कारणच नाहीं. दुसऱ्यांत दुरुस्ती होते. तिसऱ्यांत चामडें बसण्याच्या कामास उपयोगी राहिलेलें नसतें, मग त्यावर वरून कितीही सुंदर रंग चढवा. मात्र एकाच बैठकीवर हे तिन्ही प्रकार असूं शकतात. मागच्या बाजूचें चामडें तरुण आणि माथ्याचें मृत, असें नेहमीं आढळतें. संपूर्ण बैठक ‘खराब’ म्हणून टाकून देणारा मनुष्य हा भेद पाहण्याचे कष्ट घेत नाहीं.

सफाई सुरू होते ती मऊ कुंचल्यानें. शिवणीच्या घड्यांतील वाळू प्रथम काढावी, नाहींतर ओल्या फडक्याखालीं ती कानशीसारखी चामडें घासते. मग कोमट नव्हे तर साध्या पाण्यांत सौम्य द्रावण मिसळून, त्याचा नुसता फेंस स्पंजावर घेऊन, हातभर जागा एका वेळीं पुसावी व लगेच कोरड्या फडक्यानें टिपावी. चामडें भिजूं द्यावयाचें नाहीं. पुष्कळ वेळां एवढ्यानेंच काळ्या झालेल्या बैठकीखालून असा रंग वर येतो कीं, मालक रंगकामाचा बेत रहित करतो. तसें झालें तर चांगलेंच.

फाटलेल्या जागेची दुरुस्ती आंतून करावी लागते. बैठकीची खोळ लांकडी चौकटीस बारीक खिळ्यांनीं व स्प्रिंगांच्या तारांस धातूच्या कड्यांनीं जखडलेली असते. ती सोडविणें हें धीराचें काम. एक खिळा घाईनें उपटला कीं त्याबरोबर चामड्याचा तुकडा जातो. खोळ मोकळी झाली कीं फाटीच्या मागें पातळ पण बळकट कापडाचें ठिगळ, वांकेल अशा गोंदानें लावतात. ठिगळाच्या कडा रांपीनें तासल्यासारख्या निमुळत्या कराव्या, नाहींतर बसल्यावर त्यांची रेघ वर उमटते. वरून राहिलेली बारीक फट लवचिक लुकणानें, एका वेळीं कागदाइतका थर देऊन भरतात. शिवण उसवली असेल तर नवीं भोंकें न पाडतां जुन्याच भोकांतून दाभणानें हातशिलाई करतात. यंत्रावर घातली तर सुई जुन्या भोकांच्या मधोमध नवीं भोंकें पाडते, आणि टपालाच्या तिकिटासारखी ती ओळ पुढें एका झटक्यांत फाटते.

खोळ निघाली म्हणजे आंतील भरण दिसतें. त्या काळच्या बैठकींत पोलादी स्प्रिंगा, घोड्याचे केंस, कापूस, किंवा रबराच्या चिकापासून केलेला स्पंज असे. हा स्पंज डनलॉप कंपनीच्या लोकांनीं १९२९ सालीं बर्मिंगहॅम येथें प्रथम साधला. इतक्या वर्षांत त्याचा बहुधा चुरा झालेला असतो. येथें मात्र नवें घालण्यास आम्ही संकोच करणार नाहीं. भरण बसलें म्हणजे चामड्यास खालून आधार राहत नाहीं. बसणाऱ्याचा भार मग सर्व शिवणींवर येतो. आंतील नवें भरण बाहेरील जुन्या चामड्याचें आयुष्य वाढवितें. पण प्रमाण पाहिजे. भरण अधिक ठासून भरलें तर जुनें चामडें ढोलकीसारखें ताणलें जाऊन पहिल्याच प्रवासांत फुटतें, आणि पन्हळीदार शिवणींच्या मऊ सुरकुत्या, ज्यांमुळें ती बैठक जुनी वाटत होती, त्या नाहींशा होतात.

रंगकाम थोडक्यांत सांगतों. तें शक्य तितकें कमी व शक्य तितकें पातळ असावें. फवाऱ्यानें चार पातळ हात द्यावे, कुंचल्यानें एक जाड हात देऊं नये. केंसांच्या मुळांचे ठसे दिसेनासे झाले कीं चामडें रेक्झीनसारखें दिसूं लागतें, आणि मग इतका खटाटोप कशासाठीं केला हा प्रश्न राहतो. नायट्रोसेल्युलोजचें रोगण व थिनर झटकन् पेट घेतात व त्यांची वाफ छातीस बाधते. मुलांनीं या गोष्टी घरीं करून पाहूं नयेत. अलीकडे पाण्यांत मिसळणारे रंग निघाले आहेत, ते या दृष्टीनें बरे. मात्र जुनें मेण व तेल पुरतें निघाल्याखेरीज तेही धरत नाहींत.

आतां ज्या भागाचे तंतूच मेले त्याचें काय? तो बदलावा, पण तेवढाच. एका मोठ्या जनावराचें चामडें सुमारें पन्नास चौरस फूट भरतें. तें सर्वत्र सारखें नसतें. पाठीचें घट्ट, पोटाचें सैल व ताणणारें. बसण्याच्या जागीं पोटाकडील तुकडा लावला तर वर्षभरांत तो खळग्यासारखा बसतो. कापण्यापूर्वीं कारागीर सारें चामडें मेजावर पसरून कांट्यांचे ओरखडे, गोचिडांचे डाग खडूनें खुणावतो आणि मग नमुन्याचे कागद त्यांवर मांडतो. जुन्या व नव्या चामड्याची शिवण जेथें जुळते तेथें रंगाचा किंचित् फरक राहूं द्यावा कीं बेमालूम मिळवावा, याबद्दल जाणत्यांतही एकमत नाहीं. एक पक्ष म्हणतो, मोटार हें वापरण्याचें यंत्र आहे; तिच्या मालकास ठिगळावर कां बसवावें? त्या म्हणण्यांतही तथ्य आहे, आणि जीं चामडीं भुकटी झालीं तेथें दुसरा इलाज नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, चकचकीत नवी बैठक पैसा असेल त्यास केव्हांही मिळेल, जुनी राखण्याची संधि एकदांच. प्रदर्शनांतून पूर्वीं नव्यासारख्या चमकणाऱ्या गाडीसच बक्षीस मिळे. अलीकडे कांहीं प्रदर्शनांत मूळ अवस्थेंत राखलेल्या गाड्यांचा निराळा वर्ग असतो. इयन अ‍ॅपलयार्ड यांनीं आल्प्स पर्वतांतील शर्यतींत १९५०, १९५१ व १९५२ अशीं लागोपाठ तीन वर्षें एकही गुण न गमावतां जी पांढरी एक्सके १२० चालविली ती जॅग्वारच्या वारसा-संग्रहांत जपलेली आहे. तशा गाडीची बैठक कोणी उत्साहानें सोलून नवी केली, तर त्यानें गाडी सुधारली असें आम्हांस म्हणवणार नाहीं.

आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. मात्र भार सोसणारा भाग बळकट असावा एवढी अट आम्ही घालूं. आणि जुना तुकडा काढावाच लागला तर तो फेंकून न देतां, कोठून काढला व कोणत्या सालीं, हें चिठ्ठीवर लिहून कापडी पिशवींत ठेवावा. प्लास्टिकच्या बंद पिशवींत त्यास दम कोंडून बुरशी येते. पुढें रंग जुळवितांना, किंवा चामडें कोणत्या रीतीनें कमावलें होतें याची प्रयोगशाळेंत परीक्षा करावयाची झाल्यास, नखाएवढा तुकडाही पुरतो.

खोळ पुन्हां चढविण्यापूर्वीं ती एक दिवस सावलींत, हवेशीर जागीं पसरून ठेवतात, म्हणजे ती किंचित् सैल पडते. मग मधल्या पन्हळीपासून आरंभ करून दोन्ही बाजूंस सारखें ओढीत, शक्य तेथें जुन्याच खिळ्यांच्या भोकांत नवे खिळे ठोकीत कडेपर्यंत यावयाचें. एका बाजूस आधीं पक्कें केलें तर दुसऱ्या बाजूस शिवण वांकडी जाते. हें झाल्यावर गाडी उन्हांत उभी करूं नये, आणि उघडी ठेवणें भागच असेल तर बैठकींवर जाड सुती चादर टाकावी. महिन्या-दोन महिन्यांनीं कोरड्या मऊ फडक्यानें धूळ पुसावी. तेलाची बाटली मात्र कपाटांतच असूं द्यावी.